मिसळ कोण?

शेजारच्या जपानी काकूंना वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी इंग्रजी शिकायचं होतं आणि त्यासाठी त्यांनी मला गाठलं. मुलगी सिडनीला, नात तिथेच जन्मलेली. नातीला जपानी समजतं, पण बोलायची वेळ आली की ती इंग्रजीत शिरते आणि आजी दाराबाहेर राहते. आणि मी पडले भारतातली. भारतातल्या बाईला इंग्रजी आणि गणित दोन्ही जन्मतःच येतं, असा आमच्या निशी-कसाईत एक गोड समज आहे. गणिताच्या बाबतीत मी तो लगेच दूर केला. इंग्रजीच्या बाबतीत गप्प बसले, कारण काकू येताना तांदळाच्या खमंग सेनबेई घेऊन आल्या होत्या.

निशी-कसाई म्हणजे तोक्योच्या पूर्वेकडचा, एदोगावा वॉर्डातला भाग. इथे आपली माणसं इतकी आहेत की स्टेशनाबाहेर फोनवर मराठीत कुणाची निंदा करायची असेल तर आधी मागे वळून बघावं लागतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इथे आलो. पुण्यात असताना जपानीच्या दोन-तीन परीक्षा दिल्या होत्या, तेवढ्या भांडवलावर काकूंशी माझं जमलं.

पहिल्या शनिवारी त्यांनी नवीकोरी वही उघडली. पहिल्या पानावर लाल, निळ्या, हिरव्या पेन्सिलींनी रोमन लिपीतली अक्षरं काढलेली होती : एस-व्ही, एस-व्ही-सी, एस-व्ही-ओ, असे करत पाच साचे. हे ‘गो-बुनकेई’. जपानी शाळेत इंग्रजी शिकलेल्या माणसाला झोपेतून उठवलंत तरी तो हे पाच साचे म्हणून दाखवेल. मला कानकोंडं झालं. जगातलं सगळं इंग्रजी या पाच डब्यांत बसतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे घरात तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती आणि शाळेत छडी.

घरी जाऊन शोधलं. ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाचे एक संपादक सी. टी. अनियन्स (आडनावाचा उच्चार खरंच कांद्यासारखा) यांनी १९०४ साली इंग्रजी वाक्यरचनेवर पुस्तक लिहिलं, त्यातली ही मांडणी. होसोए इत्सुकी यांनी १९१७ च्या आपल्या व्याकरणातून ती जपानात रुजवली. कांदा विलायतेत फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही, जपानात मात्र घरोघर पोचला. काकूंना पाची साचे पाठ होते. अडचण एवढीच, की मोदकाचे साचे पाच आणि उकड एकातही बसेना.

मग एक दिवस त्यांनी नातीला पाठवायचं वाक्य माझ्याकडून इंग्रजीत लिहून घेतलं. ‘द फोटो दॅट युअर मदर सेंट मी यस्टरडे वॉज व्हेरी नाइस.’ लाल पेन्सिल घेऊन त्या शब्दांखाली आकडे घालायला लागल्या. फोटोखाली ५. मदरखाली १. सेंटखाली ४, मीखाली ३, यस्टरडेखाली २. वॉजखाली ७ आणि व्हेरी नाइसखाली ६. दॅटखाली काय घालावं ते सुचेना, तेव्हा त्याच्यावर एक छोटी फुली.

ही काकूंची स्वतःची युक्ती नव्हे. जपानी लोकांनी शेकडो वर्षं चिनी ग्रंथ याच रीतीने वाचले. चिनी भाषेत क्रियापद कर्माच्या आधी येतं, जपानीत शेवटी. म्हणून चिनी अक्षरांच्या कडेला बारक्या खुणा करायच्या : इथून उडी मारा, खालचं आधी घ्या, आता मागे फिरा. शाळेत अजूनही शिकवतात. मेजी काळात इंग्रजी आलं तेव्हा लोकांनी तीच रीत त्याला लावली आणि घरबसल्या इंग्रजी शिकवणाऱ्या पुस्तकांत शब्दांखाली आकडे छापले. त्याच्याही आधी १८५९ साली नाकाहामा मांजिरो यांनी इंग्रजी संभाषणाचं पुस्तक काढलं होतं. हा तोसा प्रांतातला कोळ्याचा पोर. १८४१ मध्ये चौदाव्या वर्षी वादळात सापडला, अमेरिकन व्हेल-शिकारी जहाजाने त्याला उचललं आणि तो मॅसॅच्युसेट्समध्ये शाळेत गेला. त्याने इंग्रजी आधी ऐकलं, मग वाचलं, त्यामुळे त्याच्या पुस्तकातले उच्चार कानाने टिपलेले आहेत. त्याच वाटेवरचा एक विनोद काकूंनी मला सांगितला : ‘व्हॉट टाइम इज इट नाउ’ म्हणायचं असेल तर ‘होत्ता इमो इजिरुना’ असं भरभर म्हणा, इंग्रज घड्याळ बघतो. त्याचा जपानी अर्थ, खणलेल्या बटाट्यांना हात लावू नकोस.

तर आकड्यांचं. मी सहज म्हणून काकूंच्या आकड्यांबरहुकूम तेच वाक्य मराठीत लिहून बघितलं. तुझ्या आईने, काल, मला, पाठवून दिलेला, फोटो, फार छान, होता. एक ते सात. एकही आकडा हलला नाही. शेजारी काकूंचं जपानी : ओकासान गा, किनो, वाताशी नि, ओकुत्ते कुरेता, शाशिन वा, तोतेमो, योकात्ता. ‘ओकुत्ते कुरेता’ म्हणजे नुसतं पाठवलेला नाही, पाठवून ‘दिलेला’. तो ‘देणं’सुद्धा तिथल्या तिथे. मी इतकी वर्षं जपानी परीक्षांसाठी घोकत होते, आणि ती भाषा मराठीच्याच रुळांवरून चालली होती.

मग आम्हाला छंदच लागला. जपानीत खाऊन बघतात, खाऊन टाकतात आणि करून ठेवतात. यात ‘बघणं’, ‘ठेवणं’ ही तीच क्रियापदं आहेत. प्रश्नाच्या शेवटी ‘का’ लावतात : ‘इकिमासु का’, म्हणजे जाता का? दुजोरा हवा असला की शेवटी ‘ने’, आपला ‘ना’. पाऊस इकडेही पडतो आणि तिकडेही पडतो. इंग्रजीत मात्र पाऊस स्वतः पडत नाही, ‘इट’ नावाचं कुणीतरी तो पाडतं. काकूंनी विचारलं, “हा इट कोण?” खरं तर मलाही कधी भेटलेला नाही. इंग्रजी वाक्यात कर्त्याची जागा रिकामी ठेवून चालत नाही, म्हणून एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात तसा तो ‘इट’ टाकलेला असतो. एसटी, खिडकी आणि रुमाल हे सगळं जपानीत समजावण्यात अर्धा तास गेला. जपानात खिडकीतून सीट धरत नाहीत. पण त्या दिवसापासून काकू ‘इट’ला ‘हांकाची’ म्हणतात, म्हणजे रुमाल.

कर्ता हे प्रकरण काकूंना जडच जाई. जपानी क्रियापद कोण जातंय ते सांगत नाही. ‘इकिमासु’ म्हणजे मी जाते, तो जातो, सगळे जातात, ज्याचं त्याने समजून घ्यावं. आपलं ‘जाते’ निदान बाई आहे एवढं तरी कळवतं. मिकामी आकिरा नावाच्या गणिताच्या शिक्षकाने तर जपानी व्याकरणातून कर्ता काढूनच टाका असा आग्रह धरला होता. त्याच्या १९६० च्या पुस्तकाचं नाव ‘झो वा हाना गा नागाई’. हत्ती म्हणाल, तर नाक लांब. आता यात कर्ता हत्ती की नाक? मला विचाराल तर हा प्रश्न फक्त इंग्रजीकडून आलेल्या माणसालाच पडतो. आपण ‘मला भूक लागली’ म्हणतो तेव्हा मी कुणीच नसते, सगळा कारभार भुकेचा असतो, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

एकदा आम्ही दोघी ईल माशाच्या हॉटेलात गेलो. म्हणजे ईल काकूंसाठी, माझ्यासाठी भात आणि लोणचं. वेटरला त्या म्हणाल्या, “वाताशी वा उनागी देसु,” आणि लगेच माझ्याकडे वळून अभिमानाने इंग्रजी भाषांतर केलं, “आय ॲम ॲन ईल.” साचा दुसरा, एस-व्ही-सी, अगदी बिनचूक. यावर ओकुत्सु केइइचिरो या भाषातज्ज्ञांचं १९७८ चं अख्खं पुस्तक आहे, नावच ‘मी ईल आहे’ या वाक्याचं व्याकरण. मी हसले नाही. पुण्यात वेटर चार ताटल्या हातावर तोलत येतो आणि विचारतो, “मिसळ कोण?” आणि मी शाळेतल्या हजेरीसारखा हात वर करून म्हणते, “मी!” माझे यजमान साबुदाणा वडा असतात.

चहाच्या वेळचं तर सांगायलाच हवं. मी सरावासाठी इंग्रजीत विचारलं, “यू डोन्ट टेक शुगर?” काकू म्हणाल्या, “येस.” मी साखरेचा डबा बंद करून ठेवला. त्यांचं जपानी ‘हाय’ म्हणजे ‘हो, बरोबर, घेत नाही’. माझ्या आईचं ‘हो’ही तसंच. इंग्रज असता तर ‘नो’ ऐकायला थांबला असता. आम्ही दोघींनी मिळून इंग्रजी चुकवलं आणि चहा मात्र बरोबर झाला.

आकडे सुटले ते चौकशीमुळे. त्या फुली मारलेल्या ‘दॅट’वर मी बोट ठेवलं आणि म्हटलं, काकू, मागे फिरायचंच नाही. समजा शेजारीण जिन्यात भेटली. ती म्हणाली, “फोटो!” तुम्ही काय विचाराल? “कुठला?” तो ‘कुठला’ म्हणजेच हा दॅट. “तुझ्या आईने पाठवला.” कुणाला? “मला.” कधी? “काल.” बरं मग? “फार छान होता.” मराठीत आम्हाला हेही करता येतं, आमच्याकडे जो-तो आहे : जो फोटो पाठवला, तो. जपानीत ती सोय नाही. तिथे सगळं सामान फोटोच्या आधी डोक्यावर वाहून आणावं लागतं. काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे इंग्रजी भोचक माणसांची भाषा आहे.” मी म्हटलं, तसं धरून चला. पुढच्या शनिवारी त्या ‘कुठला? कुणी? कुणाला? कधी?’ असं पुटपुटत, एकही आकडा न घालता नातीचा अख्खा मेल खाली वाचत गेल्या. ए आणि द मात्र तेव्हाही जिथे मनाला येईल तिथे पडत होते, अजूनही पडतात. नातीला ते खटकत नाही आणि मला नीट येत नाहीत.

सिडनीला जायचं ठरलं तेव्हा त्यांनी एकच वाक्य विचारलं. जपानी माणूस घराबाहेर पडताना ‘इत्ते किमासु’ म्हणतो, जाऊन येते. घरातला म्हणतो ‘इत्ते राश्शाई’, जाऊन या. हे इंग्रजीत कसं म्हणायचं? मी ‘बाय’ म्हटलं, ‘सी यू’ म्हटलं. काकू मान हलवत राहिल्या. यात परत येणं कुठे आहे? आमच्या घरी ‘जाते’ म्हटलं की आई अजूनही फोनवरसुद्धा रागावते. शेवटी मी हात टेकले. असं वाक्य इंग्रजीत नाही, म्हटलं.

निघायच्या दिवशी सकाळी साडेसहाला काकू लिफ्टपाशी उभ्या होत्या, चाकाची बॅग, गळ्यात चष्मा. मी दारात. लिफ्ट आली. आत शिरून त्या वळल्या, कमरेत वाकल्या आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, “आय गो अँड कम!”

माझ्या तोंडून निघालं, “सावकाश या, काकू.” त्यांनी मान डोलावली आणि लिफ्टचं दार मिटलं.