उजवा हात, डावा पाय

चेंडू झेलायला शिकवायचं म्हणजे आधी मुलाच्या पापण्यांशी भांडायचं. पहिलीतलं पोर झेल घ्यायला उभं राहिलं की दोन्ही हात ताठ पुढे धरतं, देवळात प्रसाद घ्यावा तसे. चेंडू आला की मान वळवतं आणि डोळे गच्च मिटतं. चेंडू छातीवर आपटतो, मग सावकाश हात मिटतात. तोवर चेंडू कुंपणापाशी पोचलेला असतो. "अरे, डोळे उघडे ठेव!" असं ओरडून कुणाचे डोळे उघडलेले मी तरी पाहिलेले नाहीत. तोंडावर काही येतंय म्हटल्यावर डोळे मिटणं हे शहाणपणच. शरीर त्यासाठी बाईंची परवानगी घेत नाही. म्हणून जाणत्या बाई आधी फुगा आणतात. फुगा लागत नाही, आणि खाली यायला इतका वेळ लावतो की त्याच्याकडे बघत राहण्यावाचून मुलाला दुसरा उद्योगच उरत नाही. मग चिंध्यांचा चेंडू, मग टप्पा घेऊन येणारा रबरी. सीझन बॉलची घाई फक्त वडलांना असते.

चालणं, धावणं येतं तसं फेकणंही वयाबरोबर येईल, अशी आपली समजूत. तसं ते येत नाही. उजव्या हाताने फेकणारं पोर उजवाच पाय पुढे टाकतं आणि चेंडू पुढ्यात पडतो. "डावा पाय पुढे" म्हणावं, तर ते आधी दोन्ही पाय न्याहाळतं, मग दोन्ही हात, आणि चेंडू राहतो हातातच. त्यापेक्षा जमिनीवर खडूने एक पाऊल काढावं आणि लांबची भिंत दाखवून म्हणावं, "हाण जोरात!" पुष्कळदा पाय आपला आपण सापडतो.

लंगडीचंही तेच. साधारण चौथ्या वर्षी जमू लागते, पण लाडक्या पायावर. दुसऱ्या पायावर घाल म्हटलं की चेहरा असा होतो, जणू तो पाय शेजाऱ्यांचा आहे. यावर आपल्याकडे कुणा अनामिक पोरींनी फार पूर्वीच अभ्यासक्रम आखून ठेवलाय: ठिकरी. नेम धरून फेका, एका पायावर उड्या मारा, तोल सांभाळत वाका, उचला, वळा. खर्च शून्य.

पण शाळेत पी.टी.चा तास असतो तो गणिताचा राहिलेला भाग पुरा करण्यासाठी. उरलाच, तर चाळीस पोरं आणि चेंडू एक. एकेकाची पाळी येईतो घंटा होते. रांगेत उभं राहण्याचं कौशल्य मात्र आपल्या मुलांइतकं क्वचितच कुणाला येत असेल.

सव्वीस जानेवारीच्या तालमीत तर गंमतच. घरून शाळेपर्यंत झकास चालत आलेलं पोर "तेज चल" ऐकताच डाव्या हाताबरोबर डावा पाय उचलतं. सर थांबवतात, समजावतात, स्वतः चालून दाखवतात. आता सरांचेही हातपाय एकाच बाजूचे पडू लागतात. तेवढ्यात खिचडीची घंटा होते, आणि ते पोर ताटली घेऊन सुसाट पळतं. उजवा हात, डावा पाय, डावा हात, उजवा पाय. कुठे म्हणून चूक नाही.