सदर साहेब निवृत्त होत आहेत

उद्योग खात्यातले आमचे साहेब येत्या तीस तारखेला निवृत्त होत आहेत. कामाचा विषय: आंतरराष्ट्रीय औद्योगिक व तंत्रज्ञान सहकार्य. एवढं नाव पाटीवर मावेना, म्हणून दारावर नुसतं 'सहकार्य' लिहिलं. परिणामी गृहनिर्माण सोसायट्यांतली गळतीची भांडणं घेऊन लोक वर्षानुवर्षं तिथंच येत. साहेबांनी कुणाला परत पाठवलं नाही. अर्ज ठेवून घेत, चहा पाजत. पुढे परदेशी गुंतवणूकदारांनाही त्यांनी हीच वागणूक दिली.

साहेबांचं हत्यार म्हणजे सामंजस्य करार. हा साखरपुडा नव्हे, हे कांदेपोहे. पाहुणे खाऊन उठले तरी कुणी कुणाला बांधील नाही, फोटो तेवढा निघालेला असतो. ऑगस्ट २०१५ मध्ये तैवानच्या फॉक्सकॉननं आपल्याकडे ५ अब्ज डॉलरचे पोहे खाल्ले. २०२० साली उद्योगमंत्र्यांनीच सांगून टाकलं, पाहुणे काही येत नाहीत. मग हेच पाहुणे वेदांताला सोबत घेऊन तळेगावच्या जागेची बोलणी करू लागले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सुपारी फोडली ती गुजरातेत! जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्याही मांडवातून उठली. त्या दिवशी साहेबांनी कार्यालयात पेढे वाटले. 'सदर प्रकल्प आपल्याकडे झाला नाही, तिकडेही झाला नाही; सबब राज्याचे नुकसान निरंक,' अशी टिपणी त्यांनी स्वहस्ते लिहिली. ती नस्ती अजून दाखवतात.

२०१८ च्या 'मॅग्नेटिक महाराष्ट्र'त तीन दिवसांत ४,१०६ करार झाले. हात इतका आखडला, की सहीऐवजी अंगठा चालेल का, अशी विचारणा साहेबांनी विधी व न्याय विभागाकडे केली. उत्तर यायचं आहे.

पण कारकिर्दीचा कळस दावोसचा. जानेवारी २०२५ मध्ये तिथं राज्यानं १५.७० लाख कोटींचे करार केले. त्यांतले ३ लाख कोटी जेएसडब्ल्यूचे, ३.०५ लाख कोटी रिलायन्सचे. एकीचं कार्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात. दुसरीचं नरिमन पॉइंटला, मंत्रालयातून निघालात तर चालत दहा मिनिटं. मी भीत भीत म्हटलं, "साहेब, शेजारच्याला भेटायला आल्प्स चढायचा?"

साहेब कळवळले. "अहो, चालत गेलो तर प्रवासभत्ता कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकू?"

यावर काय बोलणार? शिवाय बर्फात काढलेला फोटो वेगळाच दिसतो, हे मलाही मान्य आहे. नरिमन पॉइंटला कानटोपी घालून उभं राहिलं तर पोलीस विचारपूस करतात.

निरोप समारंभ तीस तारखेला, दुपारी चार वाजता. कृपया कुणी शाल-श्रीफळ आणू नये. आणण्याचा सामंजस्य करार करावा, साहेब समजून घेतील.