गोधडीला मिळालेली बढती
गोधडी अंथरुणावर असली तर तिला उन्हात घालतात. कलावस्तू होऊन भिंतीवर गेली की तिच्यावर ऊन पडू देत नाहीत. फेथ रिंगगोल्ड यांच्या कथा-गोधड्यांना ही बढती मिळाली. आत्मचरित्राला प्रकाशक मिळेना, म्हणून हार्लेममध्ये वाढलेल्या या चित्रकर्तीने १९८०च्या दशकात मजकूर थेट कापडावर लिहायला घेतला. कापड साभार परत येत नाही. १९८८च्या ‘टार बीच’मध्ये न्यूयॉर्कच्या एका गच्चीवर मोठ्यांची मैफल रंगली आहे आणि आठ वर्षांची कॅसी जॉर्ज वॉशिंग्टन पुलावरून उडते आहे. ज्या कामगार संघटनेत वडिलांना वंशामुळे प्रवेश नाही, तिची इमारतच ती उडता उडता त्यांना देऊन टाकते. मुद्रांक शुल्काचा प्रश्नच नाही. गोधडी आता गुगेनहाइम संग्रहालयाच्या मालकीची आहे. १९९१मध्ये तिचे मुलांसाठी पुस्तकही निघाले. तोवर प्रकाशकांनाही कापडावरचे वाचता येऊ लागले होते.