पहिल्या वेलांटीची चाल

'तुमची प्रेरणास्थाने' या रकान्यात आम्ही गोंदियाचे डिझाइनचे विद्यार्थी खरं कधी लिहीत नाही, आणि मी तर मुळीच नाही. तिथे चित्रपटांची शीर्षकं रचणारा सॉल बास असतो, स्विस पोस्टरं असतात, रिकाम्या जागेविषयी एखादं गंभीर वाक्य असतं. गाव लिहायची वेळ आली की आम्ही लिहितो, 'नागपूरजवळ'. गोंदिया नागपूरपासून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवर आहे. एवढ्या अंतराला 'जवळ' म्हणायचं धाडस फक्त प्लॉट विकणारे आणि प्रेरणास्थानं लिहिणारे करतात. माझं म्हणणं एवढंच आहे की हा रकाना भरताना आमच्या हातून जे सुटतं, तेच नेमकं आम्ही शिकून आलेलो असतो. त्याची आठवण नसण्याचं कारण विस्मृती नव्हे, ऐट आहे.

पुरावा देतो. अक्षर आणि वाचणारा यांपैकी निदान एक जण हलत असताना मजकूर पोचवायचा, ही मोशन ग्राफिक्सची व्याख्या मान्य असेल, तर दिवाळीनंतर अर्जुनी-मोरगावच्या रस्त्यावर उभं राहावं. मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झालेल्या असतात. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक, आणि आमच्या झाडीपट्टीचं नाटक म्हणजे उजाडेपर्यंत. वडशाच्या कुठल्यातरी नाटक कंपनीचं पोस्टर गाडीच्या अंगाला, टपावर भोंगा, आणि रस्ता असा की अ‍ॅनिमेशनचा खर्च खड्डेच उचलतात. बांधावरच्या माणसाला ते पोस्टर दिसतं चार-पाच सेकंद. तेवढ्यात नाटकाचं नाव, नटनटी आणि गाव त्याच्या डोक्यात गेलं पाहिजे. म्हणून नाव जाड, त्याला पांढरी कड, कडेमागे सावली, आणि नटांचे चेहरे मानधनाच्या मानाने लहानमोठे. आमच्या वर्गात याला 'व्हिज्युअल हायरार्की' म्हणतात आणि त्यावर सेमिस्टरभर गुण देतात. किंवा राइस मिलमधून निघालेलं पोतं बघा. ब्रँडचं नाव सपाट छापलेलं असतं, पण तांदूळ भरला की अक्षरांना पोट सुटतं, आणि हमालाने पाठीवर घेतलं की शिरोरेषा त्याच्या कण्याबरोबर वाकते. तरीही नाव वाचता येतं. सॉफ्टवेअरमध्ये हाच परिणाम साधायला आम्ही तीन ट्युटोरियल पाहतो.

आता मला पहिल्या वेलांटीविषयी थोडं बोलू द्या. थोडं म्हणजे आवरेल तेवढं. 'गोंदिया' हा शब्द टाइपरायटर-इफेक्टने पडद्यावर आणा, म्हणजे एकेक अक्षर टकटक करत उमटेल असा. ग येतो. मग काना-मात्रा येते, डोक्यावर अनुस्वार बसतो. मग द येऊन आपल्या जागी स्थिरावतो. तेवढ्यात वेलांटी येते आणि सरळ द-च्या पुढ्यात घुसते. बिचारा द एक पाऊल मागे सरकून तिला जागा देतो. कारण संगणकाच्या हिशेबी ती द-नंतर उच्चारली जाते, आणि डोळ्याच्या हिशेबी ती द-च्या आधी उभी असते. युनिकोड, म्हणजे संगणकाची अक्षरसंकेत-प्रणाली, कानाच्या बाजूने आहे, टायपोग्राफी डोळ्याच्या बाजूने, आणि मधल्या मधे अक्षराला धक्का बसतो. इंग्रजी अक्षरांना असली ढकलाढकली माहीतच नाही. ती एकामागे एक निमूट येतात. गंमत पुढेच आहे. ज्या डीटीपीच्या दुकानाकडे आम्ही नाक मुरडून पाहतो, तिथला ऑपरेटर अजून जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप करतो. त्या पद्धतीत रेमिंग्टनच्या टाइपरायटरप्रमाणे पहिली वेलांटी आधी मारायची आणि अक्षर नंतर. म्हणजे त्याच्या 'गोंदिया'त द जागचा हलत नाही. त्याची फाइल शोधयंत्राला सापडणार नाही, दुसऱ्या संगणकावर उघडली तर कचरा दिसेल, हे सगळं खरं. पण द-च्या ज्या उडीवर मी प्रबंध लिहायला बसलोय, ती त्याने कधीच बंद केली आहे, आणि तेही चहा पिता पिता.

यावर पहिला आक्षेप असा की सॉल बासने काय घोडं मारलंय? काहीच नाही. १९६० साली 'सायको'च्या शीर्षकांत त्याने आडव्या पट्ट्यांनी अक्षरं चिरली, तेव्हा रोमन अक्षर सुटं उभं असतं याचाच त्याने उपयोग करून घेतला. आमचं अक्षर सुटं नाही, ते रेषेला टांगलेलं आहे. अक्षरांमधलं अंतर थोडं वाढवा, शिरोरेषेचे तुकडे पडतात. बासने मुद्दाम केलेली चिरफाड आम्हाला फुकटात मिळते. मी चिडतो तो इथे. रेषा तुटली की आम्ही तिला 'स्टाइल' म्हणून खपवतो. देवनागरीचा प्रश्न सोडवायला बास आला नव्हता, आणि त्याने यायचंही नव्हतं. सुलेखनकार र. कृ. जोशींनी तो संगणकाच्या पडद्यासाठी सोडवायला घेतला. विंडोजमधला 'मंगल' फाँट त्यांचा. नाटकांच्या जाहिरातींत कमल शेडग्यांनी एकेक शीर्षक हाताने घडवलं. आणि दुकानाची पाटी रंगवणारा पेंटर तर रोज सोडवायचा. खडू लावलेली दोरी पाटीच्या दोन टोकांना ताणायची, मधे चिमटीत धरून सोडायची. पाटीवर फटकन एक पांढरी रेघ उमटते. मग अक्षरं तिला लोंबत उतरतात. शाळेत आपण उलट शिकतो: आधी अक्षरं, शेवटी वरून रेघ. म्हणजे एकाच लिपीत गती सुरू कुठून करायची याची दोन उत्तरं तयार आहेत, आणि आम्ही अक्षरं डावीकडून 'फेड-इन' करत बसलोय.

दुसरा आक्षेप: गोंदियासारख्या ठिकाणी अक्षररचनेचा असा काय इतिहास असणार? बालाघाट गोंदियाला लागून आहे. तिथल्या मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली गोंडी भाषेसाठी लिपी तयार केली. युनिकोडमध्ये तिला जागा मिळाली २०१७ साली. मधे ९९ वर्षं गेली. हेल्वेटिका ही अक्षरशैली १९५७ ची आहे हे मला झोपेतही सांगता येतं. तिच्यावर पूर्ण लांबीचा माहितीपट आहे, आणि तो पाहिला नसेल तर आमच्यात लग्न जमायची पंचाईत. पण शेजारच्या जिल्ह्यात एका माणसाने अख्खी लिपी उभी केली, हे आमच्या प्रेरणेच्या यादीत येत नाही. आमच्या जिल्ह्यात सालेकशाजवळच्या कचारगडला माघ पौर्णिमेला एवढा मोठा गोंड समाज जमतो, त्यांच्या भाषेचं अक्षर कसं दिसतं हे त्याच जिल्ह्यातल्या टायपोग्राफीच्या विद्यार्थ्याला ठाऊक नसावं, यात विनोद मला फारसा सापडत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यांत टोकदार, म्हणून शेवटी ठेवला: हे 'आपल्या मातीतलं' प्रकरणही एक फॅशनच आहे. अगदी बरोबर. पोत्यावरचं अक्षर उचलायचं, त्याला जरा झिजलेला पोत द्यायचा, मुंबईच्या कॅफेच्या मेनूवर लावायचं आणि 'व्हर्नाक्युलर' म्हणून बक्षीस घ्यायचं, हा धंदा मला चांगलाच कळतो. या लेखातला पोत्याचा परिच्छेद पोर्टफोलिओत कुठे बसेल हेही मी मघाशीच ठरवून ठेवलंय. मथळ्याला 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचा 'बालू' घेईन. नावाने गोष्टीतलं अस्वल, म्हणजे बालाघाटपलीकडच्या सिवनीच्या जंगलातलं, त्यामुळे स्थानिकच. तरी एक फरक उरतो. फ्लेक्स आल्यापासून पाट्या रंगवायचं काम आटलं, पण जुन्या शटरांवर, भिंतींवर ती अक्षरं अजून आहेत, आणि खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत पेंटरने स्वतःचं नाव लिहून ठेवलेलं असतं. आम्ही प्रेरणेसाठी फोटो काढतो तेव्हा नेमका तोच कोपरा कापतो. फ्रेम छान बसते.