बी निघालं नाही? घाबरू नका, कागद उगवेल

(महागाव तालुक्यातल्या होतकरू शेतकऱ्यांसाठी पायरीवार मार्गदर्शन)

हे मार्गदर्शन कोणासाठी

नागपूर-तुळजापूर रस्त्यावर महागावला उतरून, आजोबांच्या सातबाऱ्यावर आपलं नाव चढवून, यंदा पहिल्यांदाच सोयाबीन पेरणाऱ्या सर्वांसाठी. पेरून आठ दिवस झाले, शेजाऱ्याच्या वावरात हिरव्या ओळी धरल्या आणि आपल्या वावरात नुसती काळी माती, अशा वेळी हे वाचायला घ्यावं. त्याआधी वाचल्यास फायदा होण्याचा धोका आहे.

गच्चीवरच्या कुंडीत गांजाचं बी लावून ते का रुजत नाही म्हणून झुरणाऱ्यांनी इथेच थांबावं. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात ते झाड लावणाऱ्याला 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड आहे. बी न उगवल्याने बियाणं लावणाराच सुटला, असं हे एकच पीक. शिवाय तिथे उगवलं की सरकार न बोलावता येतं आणि पंचनामाही करून जातं. सोयाबीनवाल्याला त्याच पंचनाम्यासाठी अर्ज करावा लागतो, म्हणून पुढचं सगळं मार्गदर्शन त्याच्यासाठी.

पायरी 1 : आधी दोषी ठरवा, कारण नंतर शोधा

वावराकडे जाण्याआधी चौकात जा. तिथे चार तज्ज्ञ भेटतील आणि चौघांचं निदान तयार असेल. कृषी केंद्राचा मालक म्हणेल, "भाऊ, तुमची वल कमी पडली." कंपनीचा माणूस फोनवर सांगेल की बी खोल पडलं. चहाच्या टपरीवरचे काका पंचांग काढून दाखवतील की मृगाचं वाहन यंदा गाढव होतं, तरी तुम्ही पेरलं कसं? आणि ज्याचं निघालं तो शेजारी काहीच बोलणार नाही, फक्त तुमच्या धुऱ्यावरून जरा हळू चालत जाईल.

चारही निदानांत एक गोष्ट समान आहे. दोष बियाण्याचा नाही. बियाण्याच्या व्यवहारात दुकान, कंपनी, वाहतूकदार, गोदाम असे अनेक जण असले तरी चूक करण्याचा परवाना फक्त शेवटच्या माणसाकडे असतो, हे लक्षात ठेवावं.

पायरी 2 : उकरून पाहा

ही पायरी बहुतेक जण गाळतात, कारण हिच्यात उत्तर सापडतं. विळा घ्या, ओळीत उकिडवे बसा आणि चार-पाच ठिकाणी माती अलगद बाजूला करा.

दाणा टाकला तसाच टणक आणि पिवळा असेल, तर त्याला ओल मिळालेली नाही. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असं कृषी विभाग दर जूनमध्ये सांगतो. पहिल्याच सरीला तिफन काढायची, असं आपण दर जूनमध्ये ठरवतो.

दाणा फुगून मऊ झाला, बोटात धरताच लिबलिबला आणि त्याला आंबूस वास आला, तर एक तर पाणी साचलं किंवा बीच आतून मेलेलं होतं. मोड आलाय पण मान वाकून मोडलीय, असं दिसलं तर पेरणीनंतर जोराचा पाऊस पडून वर ऊन तापलंय आणि काळ्या मातीची पपडी धरलीय. सोयाबीनचा कोंब रिकाम्या हाताने वर येत नाही. दोन्ही डाळिंब्या डोक्यावर घेऊन येतो. पपडीखाली किंवा 5 सेंटीमीटरच्या खाली त्याची मान टिकत नाही. म्हणून खोली 3 ते 4 सेंटीमीटर. ट्रॅक्टरवाला तासाच्या भाड्यावर पेरत असेल तर ती किती राहील, ते त्याच्या पुढच्या गिऱ्हाईकावर अवलंबून.

कोंब कुरतडलेला असेल तर ढेकळाखाली पाहा. काळी-तांबडी, शंभर पायांची, हात लावला की गुंडाळी होणारी वाणी तिथे सापडेल. ती कोणत्याही समितीपुढे हजर होत नाही. आणि अख्खी ओळच रिकामी, दाण्याचा पत्ताच नाही, तर पेरणीयंत्राची नळी चिखलाने चोंदली होती. या प्रकरणात कंपनीला फोन करू नये. केल्यास त्या वर्षी कंपनीला झालेला तो एकमेव निर्भेळ आनंद ठरेल.

पायरी 3 : बियाण्याचा स्वभाव ओळखा

सोयाबीनचं टरफल पातळ असतं आणि गर्भ अगदी त्याच्या खाली. पोतं उंचावरून आपटलं, मळणीयंत्राचे फेरे जास्त ठेवले, थप्पी सात-आठ पोत्यांपेक्षा वर नेली, की दाणा वरून गुटगुटीत आणि आतून गेलेला. म्हणूनच हमालाने ट्रकमधून पोतं फेकलं की ते पोतं नव्हे, तुमची उगवण जमिनीवर आपटते.

हे सगळ्या महाराष्ट्राने एकदा एकत्र शिकून घेतलं आहे. 2019 च्या ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला आलं असताना पाऊस लागून राहिला. भिजलेल्या त्याच पिकातून पुढच्या वर्षाचं बियाणं निघालं. 2020 च्या जूनमध्ये विदर्भ-मराठवाड्यात तक्रारींचा ढीग लागला आणि उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. बियाणं उगवलं नाही; याचिका मात्र कोणी न पेरता उगवली.

पायरी 4 : पिशवीचं वाचन करा

नवशिका पिशवीवरचं चित्र पाहतो. तिथल्या झाडाला जितक्या शेंगा असतात तितक्या त्याला नंतर कधीच दिसत नाहीत. जाणत्याने पिशवीला शिवलेला टॅग पाहावा. पांढरा म्हणजे पायाभूत, निळा म्हणजे प्रमाणित, हिरवा म्हणजे सत्यप्रत. प्रमाणित बियाण्याची तपासणी बाहेरच्या यंत्रणेने केलेली असते. सत्यप्रतमध्ये कंपनी स्वतःच स्वतःबद्दल सांगते की आपण सत्य बोलतो. सोयाबीनला उगवणशक्ती किमान 70 टक्के हवी. म्हणजे शंभरातले तीस दाणे न उगवण्याचा हक्क कायद्यानेच राखून ठेवला आहे.

पिशवी खालच्या बाजूने फोडावी, म्हणजे टॅग शाबूत राहतो. मूठभर बी शिल्लक ठेवावं. आणि पावती पक्की घ्यावी, लॉट नंबरसह. "उधारीवर पावती कशाला, आपलंच दुकान हाय," असं ऐकू आलं की हात आखडता घ्यावा. तणनाशक सोसणारी, मंजुरी नसलेली चोरबीटी पऱ्हाटी रात्रीच्या गाडीतून घेणाऱ्यांना ही पायरी लागू नाही. त्यांच्याकडे पावती नसते, टॅग नसतो, म्हणून तक्रारही नसते. तक्रारीविना चालणारं बियाणं देशात तेवढंच आहे.

पायरी 5 : समितीचं स्वागत

तक्रार तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी. पोच न घेता दिलेला अर्ज म्हणजे ओल नसताना केलेली पेरणी. त्यानंतर तालुक्याची तक्रार निवारण समिती येते. तिच्यात कृषी खात्याचे अधिकारी, विद्यापीठाचे किंवा कृषी विज्ञान केंद्राचे शास्त्रज्ञ आणि महाबीजचे प्रतिनिधी असतात, कंपनीलाही बोलावलेलं असतं. म्हणजे धुऱ्यावर जमलेल्या सगळ्यांना पगार आहे, एक तुम्ही सोडून.

समिती येईपर्यंत वावरात तण मांडीला लागलेलं असतं. लांबून पाहणाऱ्याला उगवण उत्तम वाटते. म्हणून गाडीतून उतरताच त्यांना ओळीत न्या, मीटरभर जागेत किती रोपं आहेत ती त्यांच्याच हाताने मोजून घ्या आणि शेजाऱ्याने तोच लॉट पेरला असेल तर त्याचंही वावर दाखवा. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचा. "ओलाव्याअभावी" हा शब्द कोपऱ्यात बसलेला असतो. तो एकदा मंजूर झाला की पुढची सगळी जबाबदारी ढगांवर जाते आणि ढगांना नोटीस बजावता येत नाही.

1 जुलैला कृषी दिन येईल. शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक यांची ती जयंती. त्या दिवशी शेतकऱ्यांचे सत्कार होतात. वावर रिकामं असल्याने तुम्हाला जायला मोकळा वेळ असेल, त्याचा लाभ घ्यावा.

पायरी 6 : दुबार पेरणीचा पेच

इथे खरी परीक्षा. थांबलात तर हंगाम जातो, पेरलंत तर पुरावा जातो. नियम समितीची वाट पाहायला सांगतो. आर्द्रा नक्षत्र कोणाची वाट पाहत नाही. तोडगा असा, की मधला एक पट्टा हात न लावता सोडावा, त्याचे तारखेसह फोटो काढावेत, ते अर्जाला जोडावेत आणि बाकीचं वखरून पेरून घ्यावं. लोक विचारतील, "हे मधातच काहून सोडलं?" सांगावं, साक्षीदार उभा केलाय.

पायरी 7 : न्यायालय

समितीने दोष बियाण्याचा ठरवला तरी भरपाई आपोआप मिळत नाही. त्यासाठी ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. शेतकरी पीक विकतो, मग तो ग्राहक कसा, असा युक्तिवाद तिथे वर्षानुवर्षं चालला. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय बियाणे निगमाच्या खटल्यात तो मोडीत काढला : शेतकरी ग्राहकच आहे, आणि सगळं बी पेरून टाकणाऱ्याने नमुना राखून ठेवावा अशी अपेक्षा धरता येत नाही. तरी मूठभर बी ठेवाच. दिल्लीचा निकाल महागावपर्यंत यायला पाऊस लागतो.

शंका-समाधान

प्रश्न : बीजप्रक्रिया केली होती, तरी निघालं नाही.
उत्तर : आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू संवर्धक हा क्रम पाळला का? एकत्र कालवलं असेल तर जिवाणू मेले, बुरशी वाचली असेल.

प्रश्न : ज्वारी-मुगासारखं भिजवून पेरलं तर?
उत्तर : सोयाबीन भिजवू नये. टरफल सुटतं आणि दाणा चिरतो.

प्रश्न : दरवर्षी नवीन पिशवी घ्यावीच लागते का?
उत्तर : नाही. सोयाबीन स्वपरागसिंचित आहे, सरळ वाणाचं घरचं बी तीन वर्षं चालतं. ही माहिती कोणत्याही पिशवीवर छापलेली नसते.

परिशिष्ट : जे सगळ्यात आधी सांगायला हवं होतं

मे महिन्यात पिशवीतले 100 दाणे न निवडता मोजून घ्या. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, वर दुसरं ओलं गोणपाट घाला, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी उघडून धड मोड आलेले मोजा. 70 किंवा जास्त निघाले तर एकरी 30 किलो पुरे. 65 निघाले तर सव्वाबत्तीस किलो, 60 निघाले तर 35. त्याहून कमी असेल तर पेरूच नका. पिशवी, पावती आणि ते गोणपाट घेऊन सरळ दुकानात जा.

हा उपाय शेवटी देण्याचं कारण एवढंच, की त्याला पैसे लागत नाहीत. त्यामुळे त्याचा फ्लेक्स लागत नाही, त्यावर अनुदान नाही, आणि त्यासाठी कोणाची सहीही लागत नाही. जायचं मात्र मे महिन्यातच. मे महिन्यात दुकानदार खुर्ची पुढे करून चहा मागवतो आणि पिशवी बदलून देतो. जुलैत तोच दुकानदार तुम्हाला तुमचं नाव विचारतो.