नानांची तिसरी प्रत

नानांसमोर त्या वस्तूला पेनड्राइव्ह म्हणायचं नाही. हार्डडिस्क म्हटलं तर नाना नुसते दुखावतात. पेनड्राइव्ह म्हटलं की जिन्यात भेटूनही ओळख देत नाहीत. "एसएसडी म्हणा. आत तबकडी नाही, ती फिरवणारी मोटर नाही, हातातून पडला तर निखळायला आत काही हलतच नाही. नुसत्या चिपा!" यातलं 'नुसत्या' ते अशा अभिमानाने उच्चारतात की चिपा त्यांनी घरीच पाडल्या असाव्यात.

नाना सहकारी बँकेत हेडकॅशिअर होते. जन्मभर दुसऱ्यांचे पैसे मोजून झाले, आता गिगाबाइट मोजतात. स्वतःचे मोजून संपले की शेजाऱ्यांचे. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी एक टेराबाइटचा ड्राइव्ह आणला, लॅपटॉपला लावला, तर आकडा आला ९३१ जीबी. गृहस्थ ग्राहक मंचात जायला निघाले. नानांनी त्यांना जिन्यातच अडवलं आणि जुन्या पासबुकाच्या पाठीवर हिशोब मांडून दिला. कंपनी हजार-हजाराने गुणते, विंडोज १०२४ ने भागतं. मधले ६९ कुणी खाल्लेले नाहीत. "बाइट पुरते एक लाख कोटी आहेत. इथेच मोजून घ्या, काउंटर सोडल्यावर तक्रार चालणार नाही."

त्यांचा खरा जीव मात्र केबलमध्ये. ड्राइव्हच्या खोक्यात आलेल्या केबलला त्यांनी लाल दोरा बांधलाय. दृष्ट लागू नये म्हणून नव्हे, नानींनी तिने फोन चार्ज करू नये म्हणून. मोबाइलच्या चार्जरबरोबर येणाऱ्या बऱ्याच टाइप-सी केबल्स आतून यूएसबी २.० च्याच असतात. सेकंदाला हजार एमबी पळवू शकणारा ड्राइव्ह तसल्या केबलवर जेमतेम चाळीसवर येतो. "मामा, तुमचा ड्राइव्ह फार स्लो आहे," असं भाचा एकदा म्हणाला. नानांनी ड्राइव्हकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याच्या हातातली केबल घेतली, फक्त हुंगायची बाकी ठेवली, आणि "चार्जरची" एवढाच निकाल दिला.

"पण एवढ्या घाईने पाठवायचं तरी काय असतं हो तुमचं?" असं नानी विचारतात. प्रश्न रास्त आहे. नानांच्या संग्रहात बहुतांशी स्कॅन केलेली विजेची बिलं आहेत.

याच भाच्याने पुढे दीड हजारात सोळा टेराबाइटचा ड्राइव्ह ऑनलाइन मागवला. नानांची त्या दिवशी दिवाळी. स्क्रूड्रायव्हर आला, शेजारपाजार जमला, झाकण निघालं. आत डिंकाने चिकटवलेलं एक नखाएवढं मेमरी कार्ड! फर्मवेअरमध्ये आकडा खोटा भरलेला. कार्ड भरलं की नव्या फाइली जुन्यांच्या उरावर लिहिल्या जातात, यादीत मात्र नावं सगळ्यांची दिसतात. "मस्टरवर सह्या सगळ्यांच्या, खुर्च्या रिकाम्या," नाना म्हणाले. हा अनुभव बहुधा बँकेतलाच असावा.

आता तिसऱ्या प्रतीकडे येऊ. पीटर क्रोग या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ चा नियम नानांना तोंडपाठ आहे: प्रती तीन, साठवणीचे प्रकार दोन, आणि एक प्रत घराबाहेर. पहिली प्रत लॅपटॉपमध्ये, दुसरी एका जुन्या, फिरताना कुरकुरणाऱ्या हार्डडिस्कवर. तिसरी एसएसडीवर, पण ठेवायची कुठे? मुलगा राहतो याच इमारतीत, म्हणजे आग लागली तर सगळंच जाणार. शेवटी मेव्हण्याचं वाईचं घर ठरलं. या मेव्हण्याशी नानींच्या माहेरच्या वाटणीवरून नानांचं कित्येक वर्षं बोलणं नव्हतं. लग्नकार्यात दोघं मांडवाच्या दोन टोकांना बसत. मध्यस्थ थकले होते. बॅकअपने ते काम केलं. नाना आता अधूनमधून एसटीने वाईला जातात, कपाटाला ओल नाही ना ते बघतात, जेवतात, वामकुक्षी करतात. दाजींना उपरती झाली असं मेव्हण्याला वाटतं. हंगामात तो स्ट्रॉबेरीची पेटीही बांधून देतो.

एसएसडीत माहिती विजेच्या भाराच्या रूपात कोंडलेली असते. ड्राइव्ह वीज न मिळता पडून राहिला तर तो भार हळूहळू पाझरतो, उष्णतेत जास्त लवकर. घरगुती ड्राइव्हने ३० अंशांत, विजेशिवाय, वर्षभर तरी माहिती धरून ठेवावी असं जेडेक या संस्थेचं मानक सांगतं. हा हिशोब लिहून लिहून आयुष्य संपलेल्या ड्राइव्हचा आहे, नवा कितीतरी जास्त टिकतो. पण नानांनी त्यातलं 'वर्षभर' तेवढं उचललं आणि मुहूर्त धरला खंडेनवमीचा. वाईच्या घरी कोयता, कुदळ, फवारणीचा पंप यांच्या ओळीत आता एक काळा चपटा ड्राइव्हही पाटावर बसतो. कुंकू आत जाऊ नये म्हणून पोर्टावर चिकटपट्टी. पूजा आटोपली की मेव्हण्याची नात तो लॅपटॉपला लावते, दिवा लागतो, सगळे नमस्कार करतात.

नुसती वीज दाखवून भागेलच असं नाही, आतलं सगळं एकदा वाचून काढलेलं बरं, हे नानांना ठाऊक आहे. पण त्यासाठी पासवर्ड द्यावा लागेल. आणि पासवर्ड देता येत नाही, कारण पहिल्याच फोल्डरमध्ये वाटणीचे कागद आहेत: सातबारा, फेरफार, वकिलाची नोटीस, आणि मेव्हण्याने स्वतःच्या हाताने लिहिलेलं ते पत्र, जे आपण लिहिलंच नाही असं तो आजवर सांगत आला आहे.

यंदा पूजेनंतर मेव्हण्याचा फोन आला. "दाजी, दिवा लागला बघा. दोन तास तसाच ठेवतो. पण मी म्हणतो, एवढी जपणूक करतोच आहोत, तर आमचेही जमिनीचे कागद त्यातच घाला की."

एसएसडीबद्दल नाना जन्मात एकदाच खोटं बोलले.

"जागा नाही रे," ते म्हणाले. "भरलाय तो."