पहिल्या धारेची

गोव्यातल्या एका छोट्या भट्टीत कोकमाची जिन काढतात असं कळल्यावर मी अभ्यासासाठी जायचं ठरवलं. अभ्यासावर देखरेख करायला ही आली. ही दारूला शिवत नाही. जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव घेते, आणि त्या बाटलीवर मद्यार्काचं प्रमाण छापलेलं असतं हे तिला दाखवू नये, एवढं शहाणपण लग्नाच्या सव्वीस वर्षांत मला आलं आहे.

शेडच्या मधोमध तांब्याचं भलंमोठं पात्र. "अहो, हा तर आपला बंब!" ही म्हणाली. मोडीत घातलेला वाड्यातला बंब आठवून तिचा आवाज जड झाला.

ॲप्रन घातलेला एक दाढीवाला पोरगा माहिती देत होता. जिनमध्ये ज्युनिपर हवंच; म्हणजे आपल्या आयुर्वेदातली हपुषा. आयुर्वेद म्हटल्यावर हिच्या नजरेत जिनबद्दल थोडा आदर आला. "त्याच्या खालोखाल धने," तो म्हणाला, आणि आदर गेला. पुढे वेलची, दालचिनी, लिंबाची साल.

"आणि मूळ दारू?" मी विचारलं.

"मद्यार्क मोठ्या कारखान्यातून येतो. आम्ही त्यात हे मसाले भिजवतो आणि पुन्हा उकळतो."

"म्हणजे पोळ्या बाहेरून, भाजी घरची," ही म्हणाली.

पोरगा क्षणभर गप्प झाला. "होय काकू," मग प्रामाणिकपणे म्हणाला. कोकमाचा लाल रंगही बंबातून येत नाही म्हणे. वाफेबरोबर वास वर चढतो, रंग खालीच राहतो. नळीतून उतरते ती पाण्यासारखी नितळ. त्यात नंतर कोकमाच्या साली भिजत घालतात.

जाणकार दिसण्याची हीच वेळ होती. मी डोळा बारीक करून म्हटलं, "आम्हाला मात्र पहिल्या धारेचीच दे हं."

"ती आम्ही फेकतो, काका."

लवकर उडून जाणारी हलकी द्रव्यं पहिल्या धारेत उतरतात, वास नेलपॉलिश पुसायच्या पाण्यासारखा. बाटलीत भरायची ती मधली धार; शेवटचीही बाजूला काढायची. मी तिथल्या स्टुलावर बसलो. मित्रांच्या कविता, मामांच्या शिव्या, नाक्यावरची मिसळ, आयुष्यभर ज्याला म्हणून मी 'पहिल्या धारेचं' अशी दाद दिली, ते सगळं नेलपॉलिश पुसायचं पाणी!

मग चव घ्यायचा कार्यक्रम. पेला नाकापासून जरा लांब धरायचा, तोंड किंचित उघडं ठेवायचं आणि हळूच हुंगायचं. मी सवयीने नाक थेट आत घातलं. जिन 42.8 टक्के, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"काय जाणवतं?" पोरगा.

"अमृतांजन."

त्याला बहुधा देवदारांचं वन अपेक्षित होतं. हिने पेला हातात न घेता, दोन वितींवरूनच सांगितलं, "धने, वेलची, लिंबाची साल. आणि आमसुलं गेल्या वर्षीची आहेत." पोरगा वहीत लिहून घेऊ लागला.

चव, खरं सांगायचं तर, झकास होती. आधी कोकमाचा आंबट-तुरटपणा, मग मागून धने. टॉनिक ओतल्यावर त्यातल्या क्विनिनचा कडवटपणा आला. क्विनिन हे हिवतापाचं औषध. इंग्रजी अमदानीतल्या गोऱ्या साहेबांना ते कडू लागे, म्हणून ते त्यात जिन घालत. मला हिवताप नव्हता. तरी दुसरा पेला घेतला.

गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणता येत नाही, म्हणून बाटली घेतली नाही. गाडी हीच चालवत होती. सीमेवरच्या नाक्यावर डिकी उघडायला लावली. आत एकच बाटली, लालभडक. हिने वाटेत एका घरातून घेतलेलं कोकमाचं आगळ.

हवालदाराने झाकण काढलं. बाटली नाकापासून जरा लांब धरली, तोंड किंचित उघडं ठेवलं, हळूच हुंगलं. मग तळहातावर एक थेंब घेऊन चाटला.

"कुठनं घेतलंत, ताई?" तो हिला म्हणाला. "मीठ कमी पडलंय यात. टिकायचं नाही."